रंगनाथकाकांची किक

गुलमंडीमागच्या गल्लीत कुणाला विंचू, गांधीलमाशी, कोळी, काहीही चावलं की लोक दवाखाना सोडून रंगनाथकाकांच्या मोटर-वायंडिंगच्या दुकानाकडं पळत. काका स्कूटरच्या प्लगची वायर काढून दंशावर टेकवायचे आणि दणकून किक मारायचे. माणूस जागचा उडायचा. "उतरलं का?" काकांचा सवाल. "नाय" म्हटलं की दुसरी किक. मग काय, भल्याभल्यांचं विष उतरायचं!

काकांचं घर गारखेड्यात, मी त्यांची शेजारीण. मला गांधीलमाशी चावली तेव्हा "उतरलं हो काका, उतरलं!" असं मीही ओरडले होते. बोट रात्रभर ठणकत होतं, पण त्यांना सांगणार कोण? "पोरी, विष म्हंजे बी करंटच. करंटानं करंट काटायचा," असं ते इतक्या मायेनं सांगत की वाद घालायला जीभच वळायची नाही.

एका उन्हाळ्यात परसात विटा रचताना काकूंना तांबडा विंचू चावला. मी म्हटलं, "दवाखान्यात नेऊ या." काका चिडले. "लोकांच्या बायकांचं उतरवतो, अन् माझीला दवाखाना?" अंगणात स्कूटर आणली. काकू घामानं निथळत होत्या. दुसऱ्या किकेनंतर त्या हळूच म्हणाल्या, "उतरलं." काका आमच्याकडं बघून हसले. दिवेलागणीला काकूंना श्वास घेता येईना. दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या.

"तिची वेळच भरली व्हती," काका येईल त्याला सांगायचे. त्या एका वाक्यावर त्यांनी वर्ष काढलं.

मग सिल्लोडकडची एक बाई विंचू चावलेली लेक उचलून थेट त्यांच्या घरी आली. काकांनी वायर हातात घेतली, पोरीच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि वायर फेकून दिली. "रिक्षा बोलव, पोरी!" ते माझ्याकडं वळून ओरडले. आम्ही दवाखाना गाठला. सलाईन लागलं, औषधं झाली. दुसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली, बिस्किट मागू लागली. तिची आई काकांच्या पाया पडली.

काका मागं सरकले. भिंतीला टेकून खाली बसले.

"इथं आणलं की वाचतं व्हय गं माणूस?" त्यांनी मला विचारलं.