तरवडाचं जाकीट

अणदूरच्या फाट्यावर आम्ही नवरा-बायको एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आय सोडायला आली नव्हती. मेंढरं माळावर न्यायची वेळ झाली होती, आणि मेंढरं कुणाच्या लेकीसाठी थांबत नाहीत. घरातून निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "मागं बघू नगं, गाडी लागती." मी बघितलं नाही. सोलापूर यायच्या आत गाडी लागायची ती लागलीच.

नवऱ्याची नोकरी लीड्सला, म्हणून मीही लीड्सला. इथं मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. झिप बदलायची, पँटची लांबी कमी करायची. वीकएंडला मागच्या शेडमध्ये कापड रंगवते. कांद्याची सालं, अक्रोडाची टरफलं, जे हाताला लागेल त्यानं. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, हात रिकामे राहिले की गाव आठवतं. तेव्हा ते रिकामे ठेवायचे नाहीत.

आय आधी माझं नाव विसरली, मग चेहरा. व्हिडिओ कॉल लावून वैनी फोन तिच्यासमोर धरायची आणि आय फोनच्या मागं कोण बसलंय ते वाकून बघायची. डॉक्टर वैनीला म्हणाले होते, नवं आधी जातं, जुनं टिकतं. स्क्रीनमधली मी तिच्या लेखी नवीच होते. जुना होता तो माळ, जिथं तिचा जन्म मेंढरांमागं गेला. म्हणून मी ठरवलं, तो माळच अंगात घालून तिच्यापुढं जायचं. मला नाही तर निदान त्याला तरी ओळखेल, आणि त्याच्यावरून मला.

वैनीला माळावरची तरवडाची फुलं वाळवून आणि थोड्या बाभळीच्या शेंगा पाठवायला सांगितलं. तिनं फुलांच्या पिशवीत खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडीही घातली. आमच्या गावाहून सामान भंडाऱ्याशिवाय निघत नाही. पुडी वाटेत फुटली आणि फुलं हळदीनं माखून आली. फोन केला तर वैनी शांतपणे म्हणाली, "देवाचा हाय वन्सं, धुऊ नगा." नाही धुतला. झटकला तेवढाच.

जाकिटासाठी जाड सुती कापड शेंगांच्या पाण्यात भिजवून वाळवलं. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरवले आणि ते पाणी ब्रशनं खालच्या बाजूला ओढलं. ओढेल तिथं कापड काळं होत गेलं, पावसाळ्याआधीच्या रानासारखं. वर तरवडाचा पिवळा. मधल्या पट्ट्यात इथलीच पानं ठेवून कापड गुंडाळलं आणि उकळलं, त्यांचे ठसे उठले. शेवटी सोड्याच्या पाण्यातून काढताना पाठीवर एक तांबडा डाग उमटला. फुलांना चिकटलेला भंडारा तिथं बसला होता, आणि हळद सोड्यानं लाल होते. व्हिनेगरनं तो गेला असता, पण सोबत खालचा काळाही गेला असता. राहू दिला. शिवून झाल्यावर जाकीट आरशात बघितलं. असं दुसरं मलाही जमणार नाही.

ते घालूनच मी गावाकडं घरी गेले. आय ओसरीवर बसली होती. मी तिच्यापुढं बसले. तिनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "तुमी कुणाच्या?" आय आजवर मला कधी तुमी म्हणाली नव्हती.

मग तिची नजर जाकिटावर गेली. काळ्या पट्टीवर तिनं बोट फिरवलं, पिवळ्यावर हात थांबला. "तरवड," ती म्हणाली. मला खांद्याला धरून पाठमोरं केलं आणि त्या तांबड्या डागावर तळवा ठेवला. "आमच्या मेंढरावर असाच शिक्का असतोय. ही आमचीच." वैनी दारातून पुढं आली.

मी हळूच वळले. आय खालच्या आवाजात, एखाद्या मोठ्या घरच्या बाईशी बोलावं तशी बोलत होती. "एक काम हाय. एवढं जाकीट माझ्या लेकीला द्याल का? लांब ऱ्हाती ती. तिकडं लई गारठा हाय म्हणत्यात."

देते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग, विचारायला नको होतं तरी विचारलं, तिला निरोप काय सांगू.

"सांगा, समदं बरं हाय. यायची घाई करू नगं म्हणावं. कामाचा खाडा व्हतो."

वैनी आत निघून गेली. आयनं मला चहा घेणार का विचारलं, साखर किती तेही.

जाकीट मी परत घेऊन आले. ते जिच्यासाठी मागितलं होतं तिला पोचलं, एवढं मी आयला कळवू शकत नाही. दुकानातल्या बाया विचारतात, तुझं घर कुठं. मी जिल्ह्याचं नाव सांगते, नवं आणि जुनं दोन्ही, आणि कामाला लागते. खरं सांगायचं तर तिथं आता एक बाई आहे, जिला माझी काळजी आहे, आणि मी समोर बसले की ती मला पाहुणी समजून उठून पाट देते.