सावकाशराव

कारखान्यात त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. ज्या माणसानं उभा जन्म पाण्यावरून सुसाट बोटी पळवण्यात घालवला त्याला असलं नाव पडलं ते त्याच्याच जिभेच्या प्रतापानं. कोणी जिना उतरत असो, चहा ओतत असो की स्क्रू पिळत असो, हे आधी "सावकाश" म्हणणार आणि मग काय सांगायचं ते सांगणार. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे इतक्या वेळा बघत, की समोरचा गाडीवाला कंटाळून थांबे आणि हातानंच जा म्हणे. बायकोचे तर कान किटले होते. "लग्नाच्या दिवशी माझ्याशी पहिला शब्द बोलले तोही सावकाश," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

कारखाना एका मोठ्या तळ्याच्या काठावर होता. आत बोटींचे साचे, घासून निघालेली पांढरी भुकटी आणि रेझिनचा नाकात ठाण मांडून बसणारा वास. नवी बोट तयार झाली की ती कुठल्या वेगापर्यंत शहाण्यासारखी वागते आणि कुठून पुढं तिचं डोकं फिरतं, हे शोधून काढणं सावकाशरावांचं काम. ते पाण्यावर जात, परत येत, आणि वेगाच्या काट्यावर एका ठिकाणी लाल रेघ ओढत. त्यापुढं बोट न्यायची नाही. मालकसुद्धा त्या रेघेवर घासाघीस करत नसत.

कोणी विचारलंच तर ते समजावून सांगत. बोट हळू असते तेव्हा पाण्यात बसते, वेग आला की पाण्यावर चढते. आणखी वाढवलात की सगळी बोट हवेत आणि पाण्याला टेकलेलं असतं ते फक्त मागचं, ताटाएवढं पोट. तिथून तिचे तीन आजार सुरू होतात. पहिला दुडकी, म्हणजे नाक वरखाली करत धावणं. दुसरा डोल, म्हणजे या कुशीवरून त्या कुशीवर, आणि दर खेपेला थोडं जास्त. तिसऱ्यात नाकाखाली वारा शिरतो आणि बोट मागच्या मागं उलटी पडते. त्याचं ते नाव घेत नसत. नुसतं "ते" म्हणत. तरुणपणी त्यांच्या एका जोडीदाराला "ते" झालं होतं. जोडीदार वाचला, पण पुढं खिडकीतून तळं दिसेल अशा खोलीत त्यानं कधी बिऱ्हाड केलं नाही.

मग पाण्यावरचे दणके खाऊन खाऊन सावकाशरावांच्या पाठीनं संप पुकारला. डॉक्टरांनी बोट बंद केली. आता हे काम कोण करणार? मुलगा त्याच कारखान्यात बोटींच्या गाद्या शिवायचा, पण शिवलेल्या गादीवर बसून पाण्यात गेला की पोटातलं सगळं बाहेर काढायचा. म्हणून घराण्याचं नाव सुनेच्या हातात गेलं. लग्नाआधी ती तिथं बोटींना पॉलिश करायला लागली होती. तिचा हात पाहून सावकाशरावांनीच तिला बोट चालवायला शिकवलं, आणि ती रोज धक्क्यावर येते म्हटल्यावर मुलाला गाद्यांची मापं घ्यायला धक्क्यावरच यावंसं वाटू लागलं.

नव्या बोटीच्या चाचणीआधी मुलगा तोंडातली सुई काढून म्हणाला, "बाबा, वॉकीटॉकी तुमच्या हातात असेल तरच ती जाईल. मी तुमच्या भरवशावर पाठवतोय."

"तू कोण पाठवणारा?" सून म्हणाली. पण सावकाशरावांनी मुलाचं बोलणं मनावर घेतलं. रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

आता इथं एका शब्दाची भानगड होती. जुन्या बोटींना वेग द्यायला पायाखाली पट्टी असे. संकट दिसलं की काठावरचा माणूस ओरडे, "उचल," म्हणजे पाय उचल, वेग सोड. सावकाशरावांच्या पिढीला हा शब्द हाडीमासी भिनलेला. नव्या बोटीला पायपट्टीच नव्हती. वेगाला हाताचा दांडा, आणि दांड्यावर अंगठ्याखाली दोन बटणं. एकानं बोटीचं नाक वर जाई, दुसऱ्यानं खाली. कारखान्यात त्यांना "उचल" आणि "बसव" अशी नावं पडली. सगळ्यांनी ती पटकन उचलली. सावकाशरावही शिकले, पण डोक्यानं शिकले. जिभेला कोणी सांगितलं नव्हतं.

चाचणीच्या सकाळी तळ्यावर बारीक लाटा होत्या. सून हेल्मेट घालून निघाली. धक्क्यावर सावकाशराव, मुलगा आणि मालक. पहिल्या फेरीत बोट दुडकत गेली.

"सावकाश, जरा बसव," सावकाशराव वॉकीटॉकीत म्हणाले. नाक खाली आलं, दुडकी थांबली.

पुढच्या फेरीत डोल सुरू झाला. "सावकाश. चाकाला नुसता हात लाव, भांडू नकोस तिच्याशी." सुनेनं बारीक बारीक वळवत बोट सरळ केली. मालकांनी खूश होऊन मान हलवली. मुलगा पाण्याकडे पाठ करून उभा होता आणि मिनिटामिनिटाला "कुठं आली?" विचारत होता.

शेवटच्या फेरीत वेग आणखी चढला. बोटीखालून उजेड दिसू लागला. तेवढ्यात पलीकडच्या काठाकडून पाणी काळवंडत येताना सावकाशरावांना दिसलं. वाऱ्याचा झोत होता, समोरून येणारा आणि सुनेच्या नजरेस अजून न पडलेला. त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि ते ओरडले, "उचल! उचल!"

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना कळलं आपण काय बोललो ते. नाकाखाली वारा शिरत असताना नाक आणखी वर करायला सांगितलं होतं. आपल्याच तोंडानं, आपल्याच सुनेला. दुसरा शब्द शोधायला गेले तर जीभ टाळ्याला चिकटलेली. चहूकडे पाणीच पाणी असताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बोटीचं नाक वर आलं. आणखी वर आलं. पांढरं पोट दिसलं. आणि मग, कोणीतरी डोक्यावर हात ठेवून खाली बसवावं तसं ते नाक हळूच खाली आलं. इंजिनाचा आवाज उतरत गेला. झोत बोटीवरून निघून गेला आणि ती मुकाट्यानं धक्क्याकडे वळली.

सावकाशराव दोराच्या वेटोळ्यावर मटकन बसले. सूनबाई बोट बांधून, हेल्मेट काढून वर आली तेव्हाही ते तिथंच होते.

"मी काय म्हणालो ते ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं की. उचल म्हणालात."

"मग?"

"मी बसव दाबलं आणि दांडा मागं घेतला."

"का गं?"

तिनं कपाळावरचा घाम पुसला. "बाबा, तुम्ही मला शिकवायला लागल्यापासून सावकाश म्हटल्याशिवाय एक वाक्य बोलला नाहीत. आज नुसताच ओरडा आला. मी म्हटलं, यांचा सावकाश गेला म्हणजे 'ते' आलं. मग पुढचा शब्द कोण ऐकत बसतं?"

सावकाशरावांचा जीव भांड्यात पडला, आणि इतका जोरात पडला की डोळ्यांतून पाणी आलं. मुलाला अर्धंच कळलं, पण तोही त्यांच्या शेजारी दोरावर बसला आणि बापाचा हात धरून राहिला. मालक चष्मा पुसत आत गेले. थोड्या वेळानं सावकाशराव बोटीत उतरले, काट्यावर लाल रेघ ओढली, आणि तिच्याही अलीकडे अजून एक ओढली. "उचल" हा शब्द त्याच दिवशी कारखान्यातून हद्दपार झाला. बटणं आता "नाक वर" आणि "नाक खाली" झाली, आणि वेग सोडायचा असला तर "हात मागे".

संध्याकाळी घरी मुलानं आईला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी ऐकत राहिली. सावकाशराव टेबलाशी बसून होते. त्यांचं मन पिसासारखं हलकं झालं होतं. सुनेनं शेगडीवरचं उकळतं दूध उतरवलं आणि ते घेऊन टेबलाकडे वळली. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. ती आहे, चालते आहे, दूध आणते आहे, एवढंच त्यांना पुरत होतं. बोलायचं राहूनच गेलं.

पातेलं किंचित कललं.

"सावकाश गं," बायको ओट्यापासून म्हणाली.