तांबड्या दोऱ्याचे वांगे

निजामाच्या अमदानीची ती अखेरची वर्षे. लिंबागणेशजवळच्या आमच्या मळ्यात मर रोगाने वांग्याची रोपे उभ्याउभी वाळत. आमचे जावई कृषी महाविद्यालयात शिकवीत. त्यांच्या सांगण्यावरून मी आमच्या वांग्याच्या फुलांवर काटेरी रानवांग्याचे पराग बसवू लागलो. रानवांग्याला मर शिवत नसे. पहिल्या वर्षीची फळे पिकली, पण बी पोचट निघाले. यंदा एकच फळ धरले होते. फळ पिकेपर्यंत बियांतले अंकुर मरतात, म्हणून ते पिकू न देता कोवळ्या बियांतले अंकुर काढून काचेच्या नळ्यांत वाढवायचे, असे ठरले. त्याने अख्खा हंगामही वाचणार होता. अजून आठ दिवस थांबायचे होते.

खूण म्हणून मी देठाला तांबडा दोरा बांधला. देवासाठी राखलेल्या फळालाही आमच्याकडे तसाच दोरा बांधतात, हे ध्यानातच आले नाही.

चतुर्थीला पूजेस बसलो, तो गणपतीपुढे तेच वांगे.

"हे कोणी तोडले?"

"मीच," पत्नी म्हणाली. "तुम्हीच दोरा बांधला होता की."

आदल्या दिवशी नळ्या घेऊन आलेले जावई दारातून म्हणाले, "मामा, देठ सुकतोय. अंकुर फार लहान असतील, पण आत्ताच काढायला हवेत."

"देवापुढचं वांगं चिरून बाटलीत घालणार? लई शहाणे जावईबापू!" पत्नी म्हणाली.

पूजा अर्धी टाकून मी कधी उठलो नव्हतो. मुखी मंत्र होता आणि नजर देठावर. नैवेद्य दाखवला, आरती केली, मग फळ उचलले.

"आता हा प्रसाद आहे," मी म्हणालो. "आणा सुई."

नळ्यांत अंकुरांच्या पोषणासाठी साखर घातलेले नारळपाणी चिनी गवत या समुद्री शेवाळाच्या गोंदाबरोबर उकळून, थिजवून ठेवले होते. जावयांनी सुई ज्योतीवर धरली. "बोलू नका, श्वासही पडायला नको." सोवळ्यात जन्म गेला, पण इतके कडक सोवळे मी पाहिले नव्हते.

नऊ नळ्या भरल्या. पाचव्या दिवशी तीन नळ्यांत बुरशी आली. पुढे पाचांतले अंकुर काळवंडले. उरलेली एक नळी पत्नी रोज दिवा लावल्यावर दुरूनच पाहून येई. एके सकाळी तिची हाक आली, "अहो, हिरवं दिसतंय! मी हात लावला नाही हं."

ते रोप आम्ही मर लागलेल्याच वाफ्यात लावले. शेजारच्या रोपांनी माना टाकल्या, ते उभे राहिले. त्याला पहिले फळ धरले तेव्हा मी पांढरा दोरा आणला.

"राहू द्या," पत्नी म्हणाली. "याच्या वाटेला मी जात नाही."