राजेळीचा घड

माणूस गेल्यावर भेटायला येणारे सुरुवातीला गप्प बसतात. मग कोणीतरी एक किस्सा सांगतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा परत टाकावा लागतो. आमच्या यांचे वाडीतले किस्से लोकांनी सांगितले. मुंबईतले माझ्याकडेच राहिले, कारण तिथे बरोबर मीच असायची.

वसईत होळी नावाच्या भागात आमची केळीची वाडी. यांचा आजार कळल्यावर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी मुंबईच्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. कोणी विचारलं की हे सांगायचे, "मास्तरीणबाईंना मुंबई दाखवून आणतो." मी शाळेत शिकवते, म्हणून घरीही मास्तरीणबाईच.

*

पुतण्या नरेशचा टेम्पो पहाटे भाजी आणि फुलं घेऊन दादरला जातो. आम्ही त्यातूनच जायचो. माझ्या भावाला ते बघवेना. त्याने एकदा एसी गाडी पाठवली. हायवेला लागेपर्यंत यांना मळमळायला लागलं. गाडी बाजूला घेतली, पाणी दिलं. मी म्हटलं, एवढी चांगली गाडी, काय होतंय?

"माल नसला की गाडी उडते गं."

पुढच्या खेपेपासून परत टेम्पो. मागे मेथी, मांडीवर मोगऱ्याची करंडी.

*

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आजार समजावला. मी एकेक शब्द ऐकत होते. यांची नजर डॉक्टरांच्या मागच्या कुंडीवर. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काही शंका?

"ते झाड एसीखाली ठेवू नका. जगायचं नाही."

"ते प्लास्टिकचं आहे."

"तरीच. इथे एवढं टवटवीत दुसरं कोणी दिसलं नाही."

*

हॉस्पिटलच्या दारात एक केळीवाला बसायचा. इंजेक्शन झालं की हे त्याच्या गाडीपाशी थांबायचे. घ्यायचं काही नाही. एकेक फणी उचलून देठ बघायचा, मान हलवायची आणि परत ठेवायची. बोलायचे काहीच नाहीत, पण मान अशी हलवायचे की शेजारचं गिऱ्हाईक हातातली फणी खाली ठेवी. शेवटी त्याने हात जोडले. "काका, आप बैठो, मैं चाय पिलाता हूँ. बस, केले को हाथ मत लगाओ."

मग दर खेपेला चहा त्याच्याकडेच.

*

आमच्याकडे कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जात नाहीत. हॉस्पिटल झालं म्हणून काय? एकदा वॉर्डातल्या सगळ्यांसाठी वेलची केळ्यांचा अख्खा घड नेला, गोणपाटात गुंडाळून. थोडा कच्चा होता. घड जमिनीवर टेकवला तर केळी डागाळतात, तो टांगूनच ठेवायचा. मी कॉफी घेऊन आले तर शेजारच्या रिकाम्या पलंगापाशी, सलाईनच्या स्टँडला, घड लटकलेला.

मोठ्या सिस्टर आल्या. घडाकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं.

"याची फाईल कुठाय?"

*

वर्षभराने रिपोर्ट बिघडले. डॉक्टरांनी औषध बदलून बघू म्हटलं. त्या दिवशी यांनी कुंडीकडे पाहिलं नाही.

"डॉक्टर, मोठ्या सिस्टरना राजेळी केळ्यांचा घड द्यायचं कबूल केलंय. तेवढा उतरेपर्यंत मला तगवाल ना?"

डॉक्टर जरा सैलावले. कधी उतरेल, म्हणून विचारलं.

"अजून लावायचाय."

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते. मग म्हणाले, "मग आजच लावा."

वसईला पोचल्यावर हे कपडेही न बदलता वाडीत गेले. राजेळीच्या बुंध्याशी फुटलेला एक चांगला मुनवा काढून विहिरीजवळ लावला. मी बॅटरी धरली होती. म्हणाले, "मास्तरीणबाई, प्रकाश मुळाशी पाडा, माझ्या तोंडावर काय पाडताय?"

*

राजेळी वेळेवर निसवली, केळफूल बाहेर आलं. घड हे गेल्यानंतर भरला.

नरेशने तो उतरवला. मी म्हटलं, गोणपाट मीच गुंडाळते. टेम्पोत पुढे आम्ही दोघं, मध्ये घड. दारातल्या केळीवाल्याने घड पाहिला, माझ्या मागे कोण येतंय ते पाहिलं, आणि चहाचा ग्लास तसाच हातात धरून उभा राहिला.

वॉर्डात मोठ्या सिस्टर होत्या. मी काय सांगायचं ते टेम्पोत ठरवून आले होते. त्यांनी ते विचारलंच नाही. कोपऱ्यातला सलाईनचा स्टँड ओढत आणला, त्याचा स्क्रू सैल केला, दांडा वर सरकवला.

"एवढी उंची पुरे?"