व्याहीभोजनाची रंगीत तालीम

सिंगापुरात गेल्या पंधरा वर्षांत जी मराठी लग्नं टिकली ती माझ्या साडूंमुळे टिकली, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडूंचंही तेच मत आहे. पत्रिका, मुहूर्त, नवरा-नवरीचे स्वभाव असल्या गोष्टींना ते फारशी किंमत देत नाहीत. त्यांच्या हिशेबी संसार दोन जेवणांवर उभा असतो : लग्नाच्या आदल्या संध्याकाळचं आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. इथली मुलं त्यांना रिहर्सल डिनर आणि ब्रंच म्हणतात. साडू त्यांना सीमांतपूजन आणि व्याहीभोजन म्हणतात, आणि कुणाचंही लग्न ठरलं की या दोन जेवणांसाठी रेस्टॉरंट शोधायचं काम स्वतःहून अंगावर घेतात. लोक फ्लॅट विकत घेतानाही इतकी चौकशी करत नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला क्लेमेंटीला, नोकरी हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत. कुठला कंटेनर कुठं ठेवला म्हणजे जहाज कलंडणार नाही, हे ठरवण्याचं त्यांचं काम. नातेवाईक आणि कंटेनर यांत काही फरक आहे हे त्यांना मान्य नाही. वजनदार माणूस मधोमध, दारापासून लांब. ज्वालाग्राही माणूस कडेला. ज्या दोघांचं जमत नाही त्यांच्यामध्ये काहीतरी भरायचं, बहुधा मला.

रेस्टॉरंटचा मेनू ते सगळ्यात शेवटी बघतात. आधी खुर्ची. मेहुणीची एक जुनी रेशमी साडी ते घडी करून पिशवीत बाळगतात. ती खुर्चीवर ठेवायची आणि खुर्ची हलवायची. घडी घसरली तर ती खुर्ची पैठणी नेसलेल्या बाईला दोन तास सांभाळू शकणार नाही, म्हणून रेस्टॉरंट बाद. मग गरम पाणी. भर दुपारच्या उकाड्यात ते प्यायला गरम पाणी मागतात आणि वेटरच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. पाणी किती वेळात आलं याला महत्त्व नाही. त्याच्या भुवया किती वर गेल्या याला आहे. एका महागड्या हॉटेलात पाणी चांदीच्या किटलीतून आलं, पण आणणाऱ्यानं "शुअर, सर?" असं विचारलं. साडूंनी ते पाणी सावकाश संपवलं, आभार मानले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईंना असं विचारलं असतं तर?"

सगळ्यात अवघड परीक्षा रुसण्याची. व्याहीभोजनात कुणीतरी रुसणारच, आणि रुसणाऱ्याची सोय करणं मुलीकडच्यांचं कर्तव्य आहे, हा त्यांचा सिद्धांत. रुसायची जागा सगळ्यांना दिसली पाहिजे, पण समजूत घालायला येणाऱ्याला थोडं चालावं लागलं पाहिजे. तिथं जेवणाचा वास पोचला पाहिजे, नाहीतर रुसलेला माणूस परत येत नाही. नदीकाठच्या एका रेस्टॉरंटात त्यांनी मॅनेजरबाईंना अगदी ऑफिसातल्या इंग्रजीत विचारलं होतं, की समजा मुलाच्या काकांना राग आला, तर ते कुठं जातील? ती चिनी बाई बराच विचार करून म्हणाली, "अंकल, वॉन्ट टू बी अँग्री, कॅन गो कारपार्क लाह." साडूंनी वहीत फुली मारली. बसस्टॉपवर मला म्हणाले, "साडूबुवा, दोन मजले उतरेपर्यंत राग टिकेल का? आणि टिकलाच, तर समजूत घालणारा लिफ्टची वाट बघत उभा."

मी हे गंमत म्हणून लिहितोय खरा, पण या माणसाला हसायचा अधिकार मला नाही. का, ते सांगूनच टाकतो.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तिच्या कॉलेजातल्या एका चिनी मुलाशी. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलीनं फोनवर दहा मिनिटांत एक वेडिंग प्लॅनर गाठली आणि व्याहीभोजनासाठी, म्हणजे ब्रंचसाठी, हार्बरफ्रंटजवळचं समुद्रासमोरचं एक काचेचं रेस्टॉरंट पक्कं केलं. मग मला म्हणाली, "बाबा, काकांना तू सांग हां. प्लीज, नो सल्किंग कॉर्नर. त्याच्या घरचे लोक रुसत नाहीत. दे जस्ट गो होम."

मी त्याच शनिवारी क्लेमेंटीला गेलो. साडूंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात नवी कोरी फाइल होती. त्यांना मूलबाळ नाही. माझी मुलगी शाळेत असताना रोज दुपारी त्यांच्याच घरी जायची. आम्ही दोघं नोव्हेनाच्या ऑफिसांतून सुटून येईपर्यंत त्यांच्या सोफ्यावर झोपायची, मेहुणीच्या हातची थालीपीठं खायची, आणि तिला जे काही मराठी येतं ते तिथलंच. साडूंनी मला बसवलं, फाइल उघडली आणि म्हणाले, "साडूबुवा, आत्तापर्यंतची लग्नं म्हणजे सराव होता."

मी चहा प्यायलो आणि परत आलो. बायकोनं विचारलं, सांगितलंत का? मी म्हटलं, विषय काढलाय.

त्यानंतर सलग अकरा शनिवार मी त्यांच्याबरोबर रेस्टॉरंटं बघत हिंडलो. जागा आधीच ठरलेली असताना. दर शुक्रवारी ठरवायचो, उद्या सांगायचं. दर शनिवारी ते एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फाटकापाशी पिशवी घेऊन उभे दिसले की मी पिशवी त्यांच्या हातातून घ्यायचो आणि चालू लागायचो. या लग्नासाठी त्यांनी परीक्षेत नवी भर घातली होती. प्रत्येक ठिकाणी तालीम करायची. ते आळीपाळीनं सगळे पाहुणे व्हायचे, आणि मी मुलाची आजी. टॅक्सीतून उतरून टेबलापर्यंत मी वाकून, त्यांचा हात धरून चालायचं, आणि ते पावलं मोजणार. एका ठिकाणी माझी चाल इतकी वठली की आतून दोन मुली धावत व्हीलचेअर घेऊन आल्या. मी साडूंकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "बसा, बसा. सेवा बघू." मी बसलो. मला लिफ्टनं वर नेलं, पायांवर शाल घातली, आणि पुढचा पाऊण तास मी तिथून उठू शकलो नाही. लाज तर वाटत होतीच, पण कबूल करतो, मजाही येत होती. त्यांना फसवतोय हे मी त्या मजेत काही वेळ विसरायचो, आणि ते आठवलं की चमचा खाली ठेवायचो.

अकराव्या शनिवारी त्यांना हवं ते सापडलं. माझ्या ऑफिसपासून चार पावलांवर, दुकानांच्या वर, एक जुनं चिनी शाकाहारी रेस्टॉरंट. गोल टेबलं, जड लाकडी खुर्च्या, रेशीम जागचं हललं नाही. गरम पाणी न मागता आलं. कोपऱ्यात माशांची टाकी, तिच्याशेजारी एक स्टूल. कुणीही आनंदानं रुसावं. साडूंचा चेहरा उजळला. मालकाला आजच शब्द देऊन टाकू म्हणाले, फक्त एक शेवटची तालीम करू.

"आज तुम्ही आजी नाही. आज मुलीचे वडील. मी व्याही."

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, समोर बसले आणि एकदम परक्या, अदबशीर आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, जागा फार छान आहे. कुणी निवडली?"

उत्तर एवढंच होतं : आमच्या साडूंनी. तीन महिने मी त्या माणसाशी खोटं वागलो होतो, पण हे एक वाक्य, तेही नाटकातलं, माझ्या तोंडून निघेना.

"जागा दुसरीच ठरलीय," मी म्हटलं. "मुलीनं ठरवली. तीन महिने झाले. आमच्या साडूंना मी सांगितलं नाही."

ते व्याहीच राहिले. टेबलावरची फिरती थाळी त्यांनी बोटानं अर्धी फिरवली आणि तशाच परक्या आवाजात म्हणाले, "त्यांना वाईट वाटेल."

"हो."

"मग तीन महिने त्यांच्याबरोबर का हिंडलात?"

"ते खुशीत होते म्हणून," मी म्हटलं. यापेक्षा बरं कारण माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही.

मला वाटलं, आता ते उठून माशांच्या टाकीपाशी जातील. मी त्यासाठी तयार होतो. किंबहुना त्यांनी जावं, मी मागं जावं, हात जोडावेत, असंच मला हवं होतं. ते रुसले नाहीत. त्यांनी साडीची घडी पिशवीत ठेवली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, कुठं ठरलंय. मी नाव सांगितलं. ती जागा चार वर्षांपूर्वी त्यांनी बघितली होती.

"पूर्वेकडच्या टेबलांवर दहा वाजता थेट ऊन येतं," ते म्हणाले. "पडदे नाहीत. आजीला तिकडं बसवू नका. बाकी चांगली आहे." मग मालकाला बोलावून त्यांनी दोघांसाठी नूडल्स मागवले. त्यांच्याबरोबर हिंडताना जेवण चवीनं खाल्लं ते त्या एकाच दिवशी, म्हणजे त्यांनी. मला काही गेलं नाही.

व्याहीभोजनाला मी त्यांचं बोलणं विसरलो. माणूस चाळीसजणांचं स्वागत करत असला की विसरतो, असं मी स्वतःला सांगतो. आठवलं तेव्हा साडेदहा वाजले होते. मुलाची आजी व्यवस्थित सावलीत बसली होती, थंडगार, सूप पीत. पूर्वेच्या काचेला लागून जी खुर्ची रिकामी राहायला हवी होती ती रिकामी नव्हती. तिथं साडू बसले होते, नव्या झब्ब्यात, डोळे बारीक करून, कपाळावरून घाम निथळत. मेहुणी नंतर म्हणाली की ते सकाळी आठलाच तिथं आले होते आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू देईनात. माझी मुलगी शालू सावरत त्यांच्याकडे गेली, हातातल्या रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं आणि वाकून काहीतरी बोलली. ते हसले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मी दिसलो, आणि त्यांनी हात वर करून खूण केली : सगळं उत्तम आहे.

त्या वेळी जाऊन त्यांच्या शेजारी उन्हात बसावं असं मला फार वाटलं. पण व्याह्यांनी फोटोसाठी माझा दंड धरला होता, आणि मी गेलो नाही.