गळ्याचे उघडे टाके

उसवलेली लोकर धुऊन वाळत घातली की तिला एक विलक्षण वास येतो. थोडा ओल्या मेंढराचा, थोडा कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, आणि उरलेला कशाचा ते मला आजवर नेमके सांगता आलेले नाही. भाद्रपदातल्या उकाड्यात तर तो वास घर सोडतच नाही. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला आमचे घर वस्तीच्या अगदी कडेला आहे. मागच्या अंगणाच्या कुंपणापलीकडे सोयाबीनचे शेत, आणि पाऊस उघडून ऊन पडले की त्या शेतातून वाफ उठते, आणि तिच्यावर स्वार होऊन हा लोकरीचा वास स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत निवांत हिंडतो. त्या दुपारी मी तारेवर लोकरीच्या लडी टाकत होते. एकदा विणून उसवलेला धागा सरळ राहत नाही, केसांची वेणी सोडल्यावर जशी लाट उरते तशी लाट त्याच्यात उरते, ती जावी म्हणून धुवायचे. त्या महिन्यात मी इतके विणले आणि इतके उसवले की तारेवर कपड्यांना जागा उरली नव्हती.

विणकाम हा माझा छंद, असे लोक म्हणतात. मला विचाराल तर ती खोड आहे. बँकेत नोकरी करत होते तेव्हा पर्समध्ये सुया असत. निवृत्त झाल्यापासून त्या हातातच असतात. आता वर्ध्यासारख्या गावात, जिथे वैशाखात घराच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि थंडी चार दिवसांच्या पाहुणीसारखी येऊन जाते, तिथे स्वेटर विणत बसणे म्हणजे हसण्यावारी जाणारच. मोबाइलवर मी जे नमुने पाहते ते सगळे बर्फाच्या मुलखातले, उंच गळ्याचे, जाडजूड. ते आपल्याकडे कोण घालणार? तरी एखादी नवी वीण दिसली की माझे हात शिवशिवतात. दोन सुलट, एक उलट, एक टाका पुढच्यावरून ओढून घ्यायचा, आणि त्या साध्या हिशेबातून ओळीमागून ओळ पान उमलत जाते, हे पाहण्याचा मोह मला आवरत नाही. जिवाला घोर असला की जास्तच आवरत नाही.

आणि घोर होता. रेवती, माझी एकुलती एक लेक, सातव्या महिन्यात माहेरी आली होती ती डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले म्हणून. दोन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात, तिचे पहिले बाळ गेले. त्या वेळी तिला दिवस गेल्याची बातमी कळली त्या संध्याकाळीच मी टाके घातले होते. शेवंतीच्या पिवळ्या रंगाचे एवढेसे स्वेटर, पाठीवर पानांची वीण, खांद्यावर तीन गुंड्या. आठवड्याभरात पुरे करून मी ते मिरवतसुद्धा होते. मग तो दिवस आला. दवाखान्याच्या ओट्यावर आमच्या विहीणबाई, हिंगणीच्या, जन्मभर शेतीत राबलेल्या, कमी बोलणाऱ्या, माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी विणून ठेवू नये जी." एवढेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलेली बाई मी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगत आले आहे. ज्या गोष्टीवर विश्वास नसतो ती रोज सांगावी लागत नाही, हे कळण्याइतकी अक्कलही मला आहे.

म्हणून या खेपेस घरात एक अलिखित कायदा लागू झाला. बाळासाठी काही आणायचे नाही, काही करायचे नाही, आणि दिवाळीनंतरच्या दिवसांविषयी काही बोलायचेही नाही. आम्ही तिघे, मी, रेवती आणि तिचे बाबा, हवामानावर बोलायचो, सोयाबीनवर पडलेल्या किडीवर बोलायचो, शेजाऱ्यांच्या नव्या गेटवर बोलायचो. रेवती कुशीवर वळून खिडकीबाहेर बघत राहायची. आणि मी तिच्या पलंगाजवळ बसून, हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून, बाळाचे सोडून जगातले सगळे विणत होते. तिच्या बाबांसाठी मफलर, पाण्याच्या बाटलीला अंगरखा, दाराला तोरण, टीव्हीच्या रिमोटला झबले. या शेवटच्यावर मीच चपापले. झबले हा शब्द मनातही आणायचा नव्हता.

पण शब्द अडवता येतात, हातांना कोण अडवणार? तिच्या बाबांसाठी टोपी विणायला घेतली. टाके घातले, बॉर्डर झाली, वीण चढत गेली, मन दुसरीकडेच भरकटत होते. पुरी झाल्यावर त्यांनी ती कौतुकाने डोक्यावर ठेवली, तर ती टाळूवर चिमणीसारखी बसली.

"हे माह्या डोक्यासाठी हाये का लिंबासाठी?" ते म्हणाले.

रेवती खुदकन हसली आणि मग एकदम गप्प झाली. मी टोपी ओढून घेतली, उसवली. दुसऱ्यांदा मोजून टाके घातले, तरी हाताने वीण एवढी घट्ट ओढली की टोपी पुन्हा तेवढीच. हातमोजे विणले, तर त्यात माझा अंगठासुद्धा शिरेना. मफलर अरुंद होत होत नाडीवर आला. वीस वर्षे विणणारी बाई मी, माप चुकणे मला माहीत नाही, आणि आता ज्याला हात लावीन ते लहान होत होते. हातांना कुणासाठी विणायचे आहे ते पक्के ठाऊक होते आणि ते माझे ऐकायला तयार नव्हते. चिडून मी पुन्हा पुन्हा उसवत राहिले, लडी धूत राहिले, तारेवर वाळत घालत राहिले.

अशाच एका दुपारी रेवती छताकडे बघत म्हणाली, "आई वं, ते पिवळं स्वेटर कुठं आहे?"

मी ऐकलेच नाही असे दाखवून ओळ पुढे नेली.

"उसवलं का तू ते?"

उसवले नव्हते. तेवढे एकच उसवायला मला धजवले नव्हते. लोखंडी कपाटात, माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत ते ठेवलेले होते, आणि दोन वर्षांत मी तो शालू बाहेर काढलेला नव्हता. मी उठले, आणले, आणि तिच्या उशाशी ठेवले. तिने ते उघडले, छातीवर पसरले, एकेका गुंडीवरून बोट फिरवले. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिले नव्हते, कारण आम्ही कुणी तिला त्या विषयापाशी येऊच दिले नव्हते. आता ती रडली. मोठ्याने, तोंड उघडे टाकून, लहानपणी रडायची तशी. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले आणि मीही रडले.

"हे त्याचंच होतं," शांत झाल्यावर ती म्हणाली. "त्याचं त्यालेच राहू दे. याले नको घालू." मग डोळे पुसून, माझ्याकडे न बघता, "याले दुसरं लागंल."

दुसरे. मी मान डोलावली, आणि आठवडा गेला तरी टाके घातले नाहीत. लोकर होती; हरभऱ्याच्या घाट्यासारखा कोवळा हिरवा रंग, मऊ, मी ती कधी आणली होती ते स्वतःशीही कबूल करत नव्हते. सुया घ्यायची आणि ठेवायची. घेतल्या की दवाखान्याचा तो ओटा आठवे. मी घाबरले होते, साधी गोष्ट आहे. माझ्या विणण्याने काही होत नाही हे डोक्याला पटत होते, पण लेकीच्या पोटातला जीव पणाला लागला असला तर डोक्याचे ऐकतो कोण?

सर्वपित्री झाली आणि विहीणबाई लेकीसारख्या सुनेला भेटायला हिंगणीहून आल्या. हातात कापडी पिशवी. रेवतीच्या तोंडावरून हात फिरवून झाला, चहा झाला, बोर धरण भरल्याची, रानडुकरांनी शेत तुडवल्याची हकीकत झाली. मी मनातून ताठरलेलीच होते. आता पुन्हा काही बोलल्या तर यांना सोडायचे नाही, असे ठरवून बसले होते. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून एक गोधडी काढली. जुन्या मऊ लुगड्यांची, लाल दोऱ्याची, टाका असा बारीक की बोटाला जाणवू नये. बाळाच्या मापाची. मी बघतच राहिले. तीन बाजू शिवलेल्या आणि चौथी उघडी. आतले थर दिसत होते, दोरा सुईसकट तिथेच टोचून ठेवलेला.

"मागच्या खेपेले म्याही शिवली होती," त्या म्हणाल्या. "पुरी केली होती. मनाले लय खाल्लं मंग." गोधडीवरची सुरकुती तळव्याने काढत, "आता अपुरी ठेवली. आमच्याकडं असंच करते. लेकरू घरी आलं का त्याच्या अंगावर टाकून शेवटची बाजू शिवाची. तुमीबी विणा जी. पुरं नका करजा, बस."

ज्या वाक्यावर मी दोन वर्षे जळत होते ते त्यांनी आधी स्वतःला सुनावले होते आणि मग मला. राग धरून ठेवायला मग काही उरलेच नाही. मी आत जाऊन पिवळे स्वेटर आणले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. त्या ते उलटेपालटे करून बघत राहिल्या. "बाही लांब झाली थोडी," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या संध्याकाळी मी हिरव्या लोकरीचे टाके घातले. काय सांगू, हात सुटले अगदी! इतके दिवस चुकणारे माप पहिल्या ओळीपासून बिनचूक बसले. पुढचा भाग, पाठ, इवल्या बाह्या, पाठीवर पानांऐवजी या वेळी गव्हाच्या ओंब्या. विणता विणता नवरात्र बसले, हवा कोरडी झाली, सोयाबीन पिवळे पडून काढणीला आले. आणि मग गळा आला. गळ्याची शेवटची ओळ विणली की टाके बंद करायचे असतात, म्हणजे काम पुरे. मी सुई काढली आणि ते उघडे टाके एकेक करून विहीणबाई जाताना ठेवून गेल्या होत्या त्या लाल दोऱ्यावर ओवून घेतले. दोरा निसटला तर टाका सुटेल, एक सुटला तर त्याखालचा, आणि पाहता पाहता सगळी ओंबी खाली घरंगळेल. अर्धवट काम माझ्या डोळ्यांना सहन होत नाही. रात्री मध्येच उठून मी टाके जागेवर आहेत ना ते चाचपून बघते. चैनच पडत नाही. रेवतीने शेवटी स्वेटर आपल्या उशीखाली नेऊन ठेवले. "तुह्या हाताचा भरोसा नाई मले," ती म्हणाली, "तू पुरं करून टाकशीन."

काल दुपारी खिडकीतून तिरपे ऊन तिच्या पलंगावर आले होते. शेतात मळणीयंत्र घरघरत होते, भुशाचा कोरडा, गोडसर वास घरात भरला होता, आणि लोकरीचा तो वास कधी गेला ते कळलेही नव्हते. तिने उशीखालून स्वेटर काढले, मूठ वळली आणि त्या उघड्या गळ्यातून अलगद आत घातली. लाल दोरा ताणला. मी पुढे झुकले, हात थबकला.

"आई, येवढ्यातून डोकं जाईन ना वं त्याचं?"

या घरात येणाऱ्या दिवसांविषयी कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तिची मूठ त्या हिरव्या गळ्यात तशीच होती, डोळे माझ्यावर खिळलेले. गप्प बसणे सोपे होते. इतके महिने तेच तर केले होते.

"जाईन," मी म्हटले. आणि ऐकू गेले नसेल तर म्हणून, मोठ्याने, शेतापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हटले, "जाईन ना वं. आरामात जाईन."