एका पाण्यात धुतलेला फोटो

माझ्या आजोबांनी बीडमध्ये फोटोचं दुकान काढलं ते निजामाच्या राज्यात. काचेच्या प्लेटा, तीन पायांचा लाकडी कॅमेरा आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड. देशमुखांची कुटुंबं, मेंढ्यांसकट उभे राहिलेले धनगर, धर्मापुरीच्या देवळावरच्या मूर्ती, सगळं त्यांनी टिपलं. घरची बाई मात्र एकाही काचेवर नाही. बायकोला खुर्चीवर बसवून प्लेट खर्ची घालणं त्यांना उधळपट्टी वाटायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, दुकानाबरोबर ही खोडही उचलली.

माझी माय फोटो धुवायची. अण्णा अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो बाहेर द्यायचे, पुढचं काम तिचं. फोटो पक्का करणारं औषध कागदातून पार निघून जावं लागतं, नाहीतर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो आणि त्यातलं माणूस पुसट होत जातं. म्हणून एकामागून एक सहा पाणी द्यायची. औषध निघालं की नाही ते ती जिभेनं ओळखायची. कोपऱ्यावरचा थेंब जिभेला लावायचा, गोडसर लागला तर अजून एक पाणी. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्या पोरी मला हसल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आडाचा तळ दिसला. टँकर यायचा, त्याच्यामागं हंड्यांची रांग आणि रोजची भांडणं. मायला आणि मला मिळून चार हंडे मिळायचे. पिणं, रांधणं आणि फोटो, सगळं त्यातच. अण्णा म्हणाले, पाऊस येईपर्यंत दुकान बंद ठेवू. माय ऐकेल तर शपथ.

तेवढ्यात माजलगावकडच्या एका सहकारी सोसायटीच्या संचालकांचा फोटो काढायचं काम आलं. अण्णा आजोबांचाच मोठा कॅमेरा घेऊन गेले. अकरा जण, फेटे, टोप्या, पुढच्या रांगेत हातात काठ्या. "यांच्या तोंडावर दुष्काळ दिसत न्हाई," असं फोटो बघून मी म्हणाले आणि मायचा रट्टा खाल्ला. अण्णा घरी परतले तेव्हा एक प्लेट उरली होती. अण्णांच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मागच्या दारात कॅमेरा मांडला आणि हात पुसत आलेल्या मायला म्हणाले, "हलू नको." ती इतकी चकित झाली की खरंच हलली नाही.

संचालकांची काच आणि कागद तिनं सहाच्या सहा पाण्यांतून काढले. "कचेरीत लागायचाय, त्यांची नातवंडं बघतेल," म्हणाली. स्वतःच्या काचेला आणि कागदाला एकच पाणी दिलं, तेही उरलेलं.

"माय, तुझ्याला कावून न्हाई?"

"मला कशाला लई पाणी? मी हाय की इथंच."

जीभ लावूनसुद्धा बघितली नाही. वाचलेल्या घागरभर पाण्यात तिनं डाळ शिजवली, आणि आम्ही ती जेवलो.

तीन वर्षांनी ती काविळीनं गेली. फोटो तोवर चांगला होता. मग कडा पिवळ्या झाल्या, मग पदर गेला, मग डोळे. काचेवरही तपकिरी डाग पसरले. अण्णाही गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात आणि मागच्या दोन खोल्यांत मी एकटी राहते. लग्न केलं नाही, तीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरं मला टरकून असायची.

मागं एकदा कुठल्याशा कामाला त्या सोसायटीत गेले. भिंतीवर अकराजण अजून ठणठणीत. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. मला तिथंच रडू फुटलं. राग संचालकांचा नव्हता, मायचा होता, आणि तो अजून गेलेला नाही. स्वतःसाठी अजून एक घागर तिला ओतता आली असती.

शेवटी तो कागद घेऊन मी स्टँडजवळ एका बाईकडे गेले. ती कॉम्प्युटरवर जुने फोटो नीट करून देते. तिनं बराच वेळ निरखून विचारलं, "मावशी, यात काहीच उरलं न्हाई वो. नाक कसं होतं? डोळे तुमच्यावानी का?" मग पडद्यावर एकामागून एक तीन चेहरे दाखवले. "यातली कोणती?"

उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, हे मी तीस वर्षं पोरांना दटावून सांगितलं. मी मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

फोटो छान झाला आहे. शेजारणी म्हणतात, आई अगदी तुमच्यासारखी होती हो. डोळे मिटून मायला आठवायला गेले की आता तीच बाई समोर येते. मी तिला ओळखत नाही.